नळाला पाईप लावण्याचे शास्त्र आणि शिष्टाचार

बागेचा पाईप घ्यायचा तर आधी बाग हवी, हा समज बंगलेवाल्यांनी पसरवलेला आहे. मुंबईच्या उपनगरांत त्याला काही आधार नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात बाग खिडकीच्या ग्रिलमध्ये असते. तिच्यात एक तुळस, एक कढीपत्ता, पानाचा ओवा, कधीच न फुलणारा मोगरा आणि बाटलीत तग धरून राहिलेला मनीप्लांट एवढी वनसंपदा असते. इतक्या बागेला तांब्याभर पाणी पुरतं. तरीही घरोघरी वीस-पंचवीस फुटांचा हिरवा पाईप असतोच. कारण उपनगरातला पाईप झाडांसाठी नसतो. नळाला पाणी ठरल्या वेळी येतं, ठरल्या वेळेआधी जातं, आणि त्या अवधीत ते मोरीतल्या नळापासून बाल्कनीतल्या पिंपापर्यंत न्यायचं असतं. झाडं हे पाईप बाळगायचं सोज्वळ निमित्त. पाहुण्यांसमोर 'पिंप भरायला लागतं' म्हणण्यापेक्षा 'आम्हाला बागेची आवड आहे' म्हणणं बरं दिसतं.

तर असा हा पाईप नळाला कसा लावावा, याचं मार्गदर्शन येथे करण्यात येत आहे. इच्छुकांनी वाचण्यापूर्वी नळ बंद असल्याची खात्री करावी.

कामाला हात घालण्याआधी आपण नेमके कशाला पाईप जोडतो आहोत, याची जाणीव असलेली बरी. तुमच्या मोरीच्या भिंतीतून बाहेर आलेल्या तोटीच्या मागे सात तलाव उभे आहेत : विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा. विहार १८६०चा, मध्य वैतरणा २०१४चा. मधली दीडशे वर्षं गावंच्या गावं, डोंगर, बोगदे, माणसं सगळं या कामी लागलं. ज्या शहापूर तालुक्याच्या हद्दीत भातसा आणि तानसा आहेत, त्या तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हेही त्या तोटीच्या मागेच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या अप्पर वैतरणापासून भांडुप संकुलापर्यंत, तिथे शुद्ध होऊन टेकडीवरच्या जलाशयांपर्यंत आणि जलाशयांतून तुमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीपर्यंत, रोज जवळपास चार हजार दशलक्ष लिटर पाणी या शहरात आणून सोडलं जातं. एवढं सगळं सरकारने आणि महापालिकेने केलेलं आहे. राहिला तो शेवटचा अर्धा इंच. तेवढा आपल्यावर सोपवलेला आहे, आणि पाणी गळतं ते तिथेच.

अर्थात वरच्या कामातही कधीमधी गळतं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि पश्चिम नि पूर्व उपनगरांतल्या बऱ्याच भागांचं पाणी कित्येक तास गेलं. त्या मानाने तुमचा अर्धा इंच सुटला, तर फक्त तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे भिजतात. आपत्तीचं प्रमाण ध्यानात ठेवून धीर धरावा.

आता मापाकडे वळू. घरातला नळ अर्ध्या इंचाचा असतो, म्हणून पाईपही अर्ध्या इंचाचा घ्यावा, हा निष्कर्ष तर्कशास्त्रात बसतो, नळावर बसत नाही. अर्ध्या इंचाच्या नळात अर्धा इंच नावाला तरी कुठे सापडतो, हे मोजपट्टी घेऊन शोधून बघावं. त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास एकवीस मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही थोडा जास्त. हे 'अर्धा इंच' नाव जुन्या लोखंडी पाईपच्या पोटातल्या पोकळीवरून पडलं. लोखंड गेलं, पीव्हीसी आलं, माप मात्र आडनावासारखं चिकटून राहिलं. अर्धा इंची हिरव्या पाईपचं माप मात्र त्याच्या आतल्या पोकळीचं, साडेबारा मिलिमीटर. तेव्हा अर्ध्या इंचाच्या नळावर अर्ध्या इंचाचा पाईप चढत नाही, आणि एक इंची पाईप घेतला तर तो नळाच्या गळ्यात माळेसारखा लोंबकळतो. कारागीर मंडळी ही भानगड सुतात मिटवतात. इंचाचे आठ सूत. प्लंबर तोटीला बोट लावतो, एक डोळा बारीक करतो आणि 'सहा सूत' असा निकाल देतो. त्यावर अपील नाही.

खरेदीसाठी हार्डवेअरचं दुकान गाठावं. मुलुंड आणि घाटकोपर पश्चिमेला ही दुकानं बहुतेक कच्छी किंवा गुजराती शेठची असतात आणि एका दुकानात दोन माणसं समोरासमोर उभी राहू शकत नाहीत, इतकी ती भरलेली असतात. संवाद साधारण असा होतो.

"शेठ, नळाला पाईप लावायचाय."

"कुठला नळ?"

"साधाच."

"साधा म्हणजे आट्याचा का बिनआट्याचा?"

इथे ग्राहक निरुत्तर होतो. गेली अनेक वर्षं आपण रोज ज्याच्याखाली हात धुतो, त्याच्या तोंडाला आटे आहेत की नाहीत, हे आपल्याला ठाऊक नाही, असा साक्षात्कार माणसाला भर दुकानात व्हावा, हे वाईट. म्हणून सुजाण लोक मोबाईलवर नळाचा फोटो काढून नेतात. फोटोत नळ अंधारात असतो, साबणदाणी स्पष्ट असते आणि मागच्या आरशात बनियनवरचे गृहस्थ फोटो काढताना दिसतात. शेठ तो फोटो दोन बोटांनी मोठा करतो, काउंटरवरच्या पोऱ्याला दाखवतो, पोरगा हसतो, आणि शेवटी शेठ सांगतो : "नळ खोलून घेऊन या."

नळ खोलून नेऊ नये. तेवढ्या वेळात भिंतीतलं भोक मोकळं राहतं आणि नेमकं तेव्हाच पाणी येतं.

त्यापेक्षा घरीच नीट बघून जावं. नळांच्या जाती थोडक्यात सांगतो. मोरीतला किंवा बाल्कनीतला जुना पितळी नळ बिनआट्याचा, तोंडाशी जरा फुगीर. यावर पाईप सरळ चढवायचा असतो. दुसरा नळ पुढे खाचा पाडलेल्या निमुळत्या नळीचा, तो पाईपसाठीच जन्माला आलेला. ज्यांच्या घरी तो आहे, त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. वॉशिंग मशीनच्या नळाला तोंडाशी बाहेरून आटे असतात. त्यावर प्लास्टिकचं टोपण फिरवून बसवायचं आणि टोपणाच्या शेपटीवर पाईप चढवायचा. स्वयंपाकघरातला चकचकीत नळ मात्र तोंडात जाळी घेऊन बसलेला असतो. ती जाळी पकडीने फिरवून काढली की आत बारीक आटे दिसतात, आणि त्या आट्यांना बसणारा तुकडा उपनगरातल्या कोणत्याही दुकानात 'उद्या येईल' असा असतो. शिवाय पकडीचे दात नळावर उमटतात आणि ते ओरखडे बघून घरात जे काही बोललं जातं, त्याला या मार्गदर्शिकेत जागा नाही.

पाईप पारदर्शक घेऊ नये. आतून पाणी वाहताना दिसतं, याचं पहिल्या आठवड्यात कौतुक वाटतं. नंतर उजेड मिळाल्यामुळे आतून शेवाळ धरतं आणि त्याचंही दर्शन घडतं. अपारदर्शक, आत दोऱ्याची वीण असलेला पाईप घ्यावा. तो सहजासहजी मुडपत नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. या विषयात तीन घराणी आहेत.

पहिलं घराणं ट्यूबवाल्यांचं. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापायची, नळाच्या तोंडावर ताणून ताणून गुंडाळायची, वर पाईप चढवायचा आणि त्यावर पुन्हा पट्टी आवळायची. हे घराणं सर्वांत जुनं आणि सर्वांत विश्वासू. फक्त हल्ली घरात सायकल उरलेली नाही, आणि असली तर ती मुलाची, गिअरची. तिची ट्यूब मागायला गेलेला बाप घरात एकटा पडतो.

दुसरं क्लिपवाल्यांचं. पाईपचं टोक कडकडीत गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवलं की मऊ पडतं आणि सहा सुती नळावर पाच सुती पाईपही कुरकुरत चढतो. हे पाणी चहाच्या भांड्यात गरम करू नये, कारण चहाला नंतर जो वास येतो, त्याची चौकशी होते. चढवताना नळाला साबण लावावा, खोबरेल नको. साबणाचं पाणी वाळून जातं, तेल तसंच राहतं आणि जोड घसरता ठेवतं. मग स्टीलची क्लिप आवळायची. एकाऐवजी दोन क्लिपा लावाव्यात आणि त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना यावेत, म्हणजे दाब सगळीकडून सारखा बसतो. क्लिप नसेल तर बांधकामाची तार दोन फेऱ्या घालून पकडीने पिळणारे जुने जाणकार अजून आहेत. त्यांचा जोड दहा वर्षं टिकतो, पण तारेचं टोक रोज कुणाचं तरी बोट फाडतं.

तिसरं घराणं टेपवाल्यांचं, आणि ते चुकतंय, असं माझं स्पष्ट मत आहे. पांढरी टेफ्लॉन टेप ही आट्यांसाठी असते. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ती गुंडाळावी. उलट गुंडाळली तर नळ फिरवताना टेपही उलगडत जाते. पूर्वी या जागी ताग आणि सफेदा असायचा आणि प्लंबरचे हात त्यावरून ओळखू यायचे. पण बिनआट्याच्या नळावर टेपची अख्खी रिळं गुंडाळणारे लोक मी पाहिलेले आहेत. टेप गुळगुळीत असते. तिच्यावर पाईप चढतो लवकर आणि सुटतो त्याहून लवकर. टोपणाच्या जोडातही पाणी अडवायचं काम आत बसणारा रबरी वॉशर करतो, टेप नाही. वॉशर ही वस्तू मात्र पाकिटातून काढताना मोरीच्या जाळीत पडण्यासाठीच घडवलेली असते. म्हणून दोन आणाव्यात.

याखेरीज एक चौथी पद्धत आहे, तिला घराणं म्हणता येत नाही, कारण तिच्यात विद्या नाही : घरातल्या एका सदस्याने पाईप नळाला हाताने धरून उभं राहायचं. घरातला सर्वांत मोकळा दिसणारा माणूस यासाठी निवडला जातो, आणि उपनगरात मोकळा दिसणं किती धोक्याचं आहे, हे त्याला त्या दिवशी कळतं. बाल्कनीतून "सोड!" असा आवाज आला की त्याने नळ सोडायचा की पाईप, याबद्दल आजवर कोणत्याही कुटुंबात एकमत झालेलं नाही.

जोडणी झाली म्हणजे काम संपलं, असं मानू नये. खरी परीक्षा दाबाची. सात मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी तळमजल्यापासून वीस-बावीस मीटर उंच असते. दर दहा मीटर उंचीमागे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब येतो. म्हणजे तळमजल्यावर दोन किलो. नळाच्या तोंडाचं क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटर धरलं तर पाण्याची वाट अडल्याबरोबर तुमच्या जोडावर सहा किलोचा धक्का बसतो, आणि तो तुम्ही सायकलच्या ट्यूबने पेललेला असतो. सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र टाकी डोक्याच्या जेमतेम वर, त्यामुळे तिथे पाईप नुसता टेकवून ठेवला तरी सुटत नाही. या मजल्यावरचे रहिवासी सोसायटीच्या सभेत "आमचा पाईप कधीच निघाला नाही" असं सांगून इतरांना जोडणीचे धडे देतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. त्यांच्या नळाला धड तुळस भिजवण्याइतका जोर नसतो. मुलुंड-अंधेरीकडच्या चाळीस मजली टॉवरमध्ये दाब कमी करणाऱ्या झडपा बसवलेल्या असतात. त्या बिघडल्या की काय होतं, ते तिथल्या प्लंबरला विचारावं, तो आनंदाने सांगेल.

यातून या शास्त्राचा मुख्य नियम निघतो : पाणी नेहमी नळाशी बंद करावं, पाईपच्या टोकाशी कधीही नाही. टोकाला अंगठा दाबून कारंजं उडवणं, बंदुकीसारखं फवारणीचं तोंड लावून त्याचा घोडा सोडणं, पाईप मुडपून "एक मिनिट हं" म्हणत फोन घेणं, या सगळ्या क्षणी पाणी पुढे जाऊ शकत नाही, मग ते मागे बघतं. पाईप निघाला की तो मोरीत साप होतो आणि छत, आरसा, देव्हाऱ्याचा पडदा यांपैकी जे कोरडं असेल ते शोधतो. अशा वेळी पाईप पकडायला धावू नये. नळ बंद करावा. हे वाक्य वाचायला सोपं आहे. आजवर प्रत्येकाने आधी पाईपच पकडलेला आहे.

दुसरं टोक कुठे असावं, यालाही नियम आहे आणि हा विनोदाचा नाही. पिंप भरताना पाईपचं टोक पाण्यात बुडवून ठेवू नये, पाण्याच्या चार बोटं वर बांधावं. नळ थेट महापालिकेच्या लाइनवर असेल तर पुरवठा बंद होताना लाइनमधला दाब उतरतो आणि बुडालेल्या टोकातून पिंपातलं पाणी उलटं खेचलं जातं. पिंपात जे काही असेल ते मग शेजाऱ्यांच्या नळात. बाथरूमच्या बादलीत पाईप सोडून ऑफिसला गेलेल्या माणसाला आपण अख्ख्या मजल्याची पोटं बिघडवल्याचं कधी कळतही नाही.

घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर जिथे घरं एकावर एक चढत गेली आहेत, तिथे हाच पाईप म्हणजे घराची जलवाहिनी. खाली एक नळ, त्याच्यावर पाळी, आणि प्रत्येकीचा पाईप वेगळा. गटाराच्या कडेने, पायऱ्यांच्या कडेने रंगीबेरंगी पाईप वर गेलेले दिसतात. त्या बायका जोड अशा हाताने लावतात आणि काढतात की वर वर्णन केलेली तिन्ही घराणी शरमून जावीत. पाळी पंधरा मिनिटांची असेल तर जोडायला दोन मिनिटं घालवून चालत नाही.

पाणी नेमकं केव्हा येणार, हे ज्यांच्या हातात असतं ते चावीवाले. लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यातल्या झाकणात उतरायचं, एका भागाची झडप उघडायची, दुसऱ्याची फिरवायची, असं त्यांचं दिवसरात्र चालतं. मुंबईच्या या पाणीव्यवहारावर परदेशी विद्यापीठांच्या छापखान्यांतून जाडजूड ग्रंथ निघाले आहेत : लिसा ब्योर्कमन यांचा 'पाइप पॉलिटिक्स, कंटेस्टेड वॉटर्स' २०१५मध्ये आणि निखिल आनंद यांचा 'हायड्रॉलिक सिटी' २०१७मध्ये. दोन्ही वाचण्यासारखे आहेत. ते वाचून सत्ता, नागरिकत्व आणि पाणी यांचा संबंध उलगडतो. वॉशर तरीही आपला आपणच बसवायचा असतो.

पाणी कमी येतं म्हणून लाइनवर थेट मोटर लावणारे महाभाग प्रत्येक गल्लीत असतात. ते बेकायदा आहे, आणि तुमची मोटर जे खेचते ते शेजाऱ्याच्या वाट्याचं असतं. शेजाऱ्याला ते मोटरच्या आवाजावरून कळतं; मग तोही मोटर आणतो. सोसायटीत पाईप लावून गाडी धुणं कायद्याच्या नाही तर निदान लाजेच्या कक्षेत येतं. दरवर्षी मे महिन्यात महापालिका आवाहन करते की गाडी ओल्या फडक्याने पुसा. ज्या दिवशी ते आवाहन पेपरात छापून येतं, त्या सकाळी पार्किंगमध्ये सर्वांत मोठी गाडी पाईपने न्हात असते आणि मालक पेपर वाचत बाजूला उभे असतात. २०२४मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली. गाडी तेव्हाही स्वच्छ होती.

खालच्या मजल्याबद्दल आता बोलायला हवं. ग्रिलमधल्या कुंड्यांना पाईपने पाणी घातलं की जादा पाणी मातीसकट खाली उतरतं आणि खाली काकूंनी पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या असतात. तक्रार आल्यास "आमच्याकडून नाही, वरून आलं" असं म्हणावं, हा प्रचलित सल्ला शेवटच्या मजल्यावरच्यांना लागू पडत नाही. खरा उपाय एकच. पाणी सोडण्याआधी खाली वाकून "काकू, कपडे आहेत का हो?" अशी हाक द्यावी. काकू "थांबा दोन मिनिटं" म्हणतात. ती दोन मिनिटं थांबावं, तेवढ्यात पाणी जातं ही गोष्ट वेगळी.

पावसाळा लागला की पाईपवाल्यांचा संयम सुटतो. जोराच्या सरी पडतात, पेपरात तुळशी तलाव भरून वाहिल्याचा फोटो येतो, आणि लोक नळ सोडतात. तेव्हा आकडे बघावेत. सातही तलावांची मिळून साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातली भातसाची ७,१७,०३७ आणि तुळशीची ८,०४६. म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जो तलाव ओसंडताना बघून आपण निर्धास्त होतो, तो अख्खा शहराला दोन दिवस पुरतो. फोटो तुळशीचा येतो, पाणी भातसाचं येतं. भातसा भरल्याची बातमी येईपर्यंत पाईप जरा जपून वापरावा.

पावसाळ्यात चार महिने पाईपला काम कमी असतं. तो काढून, गुंडाळून बाल्कनीच्या खिळ्याला टांगला जातो, आणि वेटोळ्यात पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडायला तयार होतो. तेव्हा टांगण्याआधी पाईपचं एक टोक उंच धरून तो पूर्ण रिकामा करा आणि निघालेलं पाणी कढीपत्त्याला घाला. कुंडीखालची ताटलीही आठवड्यातून एकदा उलटी करून कोरडी पुसा. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक दारात आले की पाईप कसा जोडलाय, हे बघत नाहीत. ते सरळ ग्रिलपाशी जातात आणि आधी ताटली उचलतात.